ठाणे-कल्याण परिसरातील शालेय भू-खगोलशिक्षण : शब्द आणि प्रयोग यांच्या संबंधाचा इतिहास

१. विषयप्रवेश

पृथ्वी व आकाश यांविषयीचे ज्ञान शालेय वयातील मुलाला दोन वाटांनी मिळते. एक वाट ग्रंथाची. तीत संज्ञा आधी येते आणि वस्तू मागाहून, क्वचित येतही नाही. दुसरी वाट निरीक्षणाची. तीत वस्तू आधी दिसते, हाताळली जाते, मोजली जाते, आणि मग तिला नाव शोधावे लागते. मराठी शाळेतील भूगोल व खगोल या विषयांचा इतिहास म्हणजे बहुतांशी या दोन वाटांच्या परस्परसंबंधाचा इतिहास होय. त्या कधी एकमेकींस मिळाल्या, कधी दीर्घकाळ समांतर राहिल्या, आणि जेव्हा समांतर राहिल्या तेव्हा मुलाच्या मुखी शब्द राहिला व अर्थ निसटला.

प्रस्तुत निबंधात हा संबंध ठाणे, डोंबिवली व कल्याण या पट्ट्याच्या आधारे तपासावयाचा आहे. हा पट्टा निवडण्यास कारण आहे. ही तिन्ही नगरे १९.२ उत्तर अक्षांशाच्या आसपास जवळजवळ एकाच रेषेवर वसली आहेत. त्यांच्या एका अंगास पारसिकचा डोंगर व दुसऱ्या अंगास मलंगगडाची रांग आहे. उल्हास नदी येथे गोडे पाणी टाकून खाडीचे रूप घेते. खडक, खाडी, पाऊस आणि डोक्यावरून जाणारा सूर्य ही चारही साधने शाळेच्या दारात असलेला असा प्रदेश विरळा. असे असूनही या साधनांचा शाळेत प्रवेश कसा व किती झाला, आणि त्यात भाषेचा वाटा कोणता, हा येथील प्रश्न आहे.

२. एकोणिसाव्या शतकातील पाया

मराठीतून आधुनिक भूगोल व ज्योतिष शिकविण्याचा आरंभ मुंबईत झाला. बाळशास्त्री जांभेकर (१८१२–१८४६) यांच्याकडे एल्फिन्स्टन संस्थेतील अध्यापनाबरोबर कुलाबा वेधशाळेचेही काम होते, आणि १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढणारा हा विद्वान शालेय पुस्तकांचाही कर्ता होता. त्याच वेधशाळेत तरुणपणी काम केलेले केरो लक्ष्मण छत्रे (१८२४–१८८४) यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनांची कोष्टके’ प्रसिद्ध केली. या दोघांच्या चरित्रांत एक गोष्ट समान आहे. ज्यांनी मराठीला शास्त्रीय गद्य दिले त्यांचा हात वेधयंत्रालाही लागलेला होता. शब्द घडविणारा व वेध घेणारा हे दोन पुरुष तेव्हा निराळे नव्हते.

याच काळात जुन्या संज्ञांचे अर्थ सरकले. ‘भूगोल’ म्हणजे पृथ्वीरूपी गोल आणि ‘खगोल’ म्हणजे ग्रहनक्षत्रांचा कल्पित गोल, असे ज्योतिषग्रंथांतील मूळ अर्थ होत. शाळेने ही नावे त्या वस्तूंवरून काढून त्यांच्या अभ्यासाला दिली. परिणाम असा झाला की ‘भूगोल’ या शब्दात पृथ्वी गोल असल्याचे जे विधान दडलेले आहे, ते विषयाचे नाव रोज उच्चारणाऱ्या मुलाच्या लक्षात येईनासे झाले. शब्द रूढ होतो तेव्हा त्याच्या पोटातील प्रतिमा मावळते. हा भाषेचा सामान्य नियम आहे, परंतु शिक्षणात त्याची किंमत मोजावी लागते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली व १ मे १८५४ रोजी ती कल्याणपर्यंत पोहोचली. गाडीबरोबर घड्याळाचा काल आला. सूर्य माथ्यावर आला की दुपार, हा गावागावांचा निरनिराळा काल मागे पडू लागला. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबई शहराने आपली स्वतंत्र वेळ, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागची, १९५५ पर्यंत जपली. या प्रसंगातील शैक्षणिक आशय पुढे पाहावयाचा आहे.

ठाण्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे. १८५३ मध्ये दापोली तालुक्यातील मुरुड येथे जन्मलेले व पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षकाचे शिक्षण घेतलेले दीक्षित रेवदंड्याच्या मराठी शाळेनंतर १८८० पासून १८८२ पर्यंत ठाण्याच्या एक नंबरच्या मराठी शाळेचे मुख्य शिक्षक होते. तेथून ते बार्शीस, पुढे धुळ्याच्या ट्रेनिंग स्कुलात व अखेर पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात गेले. १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास आणि त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल यांच्यासह निघालेला ‘इंडियन कॅलेंडर’ हे ग्रंथ सर्वश्रुत आहेत. परंतु येथे अधिक लक्षणीय आहेत ती त्यांची लहान पुस्तके: ‘विद्यार्थीबुद्धिवर्धिनी’ (१८७६), ठाण्याचा काल संपला त्या वर्षाचे ‘सृष्टिचमत्कार’ (१८८२), आणि पुढे ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’. या शेवटल्या नावातच एक अध्यापनपद्धती सांगितलेली आहे. ज्योतिष हे पाठ करावयाचे प्रकरण नसून रात्री दोन घटका बाहेर येऊन पाहावयाची वस्तू आहे, आणि त्यात मौज आहे, असे ज्याने मुखपृष्ठावर लिहिले तो गृहस्थ मराठी शाळेचा मास्तर होता. विसाजी रघुनाथ लेले व जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह त्यांनी पुरस्कारिलेल्या सायन पंचांगाच्या मुळाशीही हाच आग्रह होता, की पंचांगाने आकाशाशी जुळले पाहिजे. पुस्तकातला शब्द आणि आकाशातली वस्तू यांत अंतर पडले तर शब्द दुरुस्त करावयाचा, ही ती वृत्ती होय.

३. शंकू आणि सावली

या वृत्तीला अनुरूप व सर्वांत स्वस्त उपकरण म्हणजे शंकू. सपाट जमिनीवर उभी रोवलेली काठी एवढाच त्याचा अर्थ. प्राचीन ज्योतिषात बारा अंगुळे उंचीचा शंकू घेत, आणि विषुवदिनी मध्याह्नी पडणाऱ्या त्याच्या सावलीला ‘पलभा’ म्हणत. एखाद्या गावाची पलभा सांगितली म्हणजे त्याचे अक्षांश सांगितल्यासारखेच होते. ठाण्याचे अक्षांश १९.२ धरले तर येथील पलभा सुमारे ४ अंगुळे ११ व्यंगुळे येते. उंची एक मीटर घेतली तर हीच सावली सुमारे ३५ सेंटिमीटर भरते. २२ डिसेंबरच्या सुमारास ती ९२ सेंटिमीटर होते आणि २१ जूनच्या सुमारास अवघी साडेसात सेंटिमीटर उरते. ही तीन मापे एका मुलाने एका वर्षात स्वतः घेतली तर ऋतूंचे कारण सांगण्यासाठी लागणारी सामग्री त्याच्या वहीत जमा झालेली असते.

सावलीची दिशा त्याहून अधिक शिकविते. सुमारे १६ मे रोजी सूर्याची क्रांती ठाण्याच्या अक्षांशाएवढी होते, सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी लोपते. सूर्य उत्तरेस जाऊन परतताना हाच योग सुमारे २७ जुलै रोजी पुन्हा येतो. अलीकडच्या दशकांत या घटनेला ‘शून्य सावली दिवस’ हे नाव रूढ झाले आहे. संज्ञा म्हणून हे नाव विचारात घेण्याजोगे आहे. परिभाषाकाराने ‘छायाशून्य दिन’ किंवा असाच काही संस्कृत समास केला असता. येथे मात्र ‘सावली’ हा घरातला शब्द तसाच ठेवला गेला, आणि त्यामुळेच ही संज्ञा दहा वर्षांच्या मुलाला स्पष्टीकरणाशिवाय कळते.

या दोन तारखांच्या मधल्या काळात मध्याह्नीची सावली दक्षिणेकडे पडते. आपण उत्तर गोलार्धात आहोत म्हणून दुपारी सूर्य दक्षिणेस व सावली उत्तरेस असते, हे विधान कर्कवृत्ताच्या पलीकडील देशांत वर्षभर खरे आहे. ठाणे-कल्याणात ते सुमारे दहा आठवडे खोटे ठरते. समशीतोष्ण कटिबंधातील पुस्तकांवरून बेतलेल्या पाठाने शिकलेल्या मुलाला जूनच्या एखाद्या उघडिपीच्या दुपारी आपल्याच पटांगणात या विधानाविरुद्धचा पुरावा सापडू शकतो.

परंतु येथे एक अडचण आहे, आणि ती ज्योतिषाची नसून शाळेच्या कालपत्रकाची आहे. मे महिन्यातील शून्य सावली उन्हाळ्याच्या सुटीत येते. तेव्हा आकाश निरभ्र असते व शाळा बंद असते. जुलैमधील शून्य सावली शाळा भरलेली असताना येते. तेव्हा आकाश पर्जन्यमेघांनी झाकलेले असते. वर्षातून दोन वेळा लाभणारा हा प्रयोग अशा रीतीने एकदा विद्यार्थ्यांवाचून व एकदा सूर्यावाचून जातो. म्हणूनच या परिसरात तो शाळेपेक्षा शाळेबाहेरील विज्ञानमंडळांच्या व हौशी निरीक्षकांच्या हाती अधिक राहिला. शिक्षकाने सप्टेंबर ते मार्च या काळातील सावल्या मोजून घेऊन उरलेला भाग मुलांना सुटीत स्वतः पाहावयास सांगणे, हाच यावर व्यवहार्य उपाय दिसतो.

सावलीचा दुसरा धडा कालाचा. प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची आहे आणि ठाणे सुमारे ७३ रेखांशावर आहे. पृथ्वीला एक अंश वळण्यास चार मिनिटे लागतात. म्हणून ठाण्याचा खरा मध्याह्न सरासरीने दुपारी १२ वाजून ३८ मिनिटांनी होतो. तो वर्षभर सारखा राहत नाही. नोव्हेंबरच्या आरंभी तो १२ वाजून २२ मिनिटांच्या सुमारास, तर फेब्रुवारीच्या मध्यास १२ वाजून ५२ मिनिटांच्या सुमारास येतो. १९५५ पर्यंत टिकलेल्या मुंबईच्या निराळ्या वेळेचा अर्थ मुलाला या काठीपाशी उमगतो. कल्याणचा मध्याह्न ठाण्याच्या आधी ३५ ते ४० सेकंद होतो, हेही याच गणिताने निघते. मात्र पृथ्वीचा परीघ मोजावयाचा तर ही जोडी उपयोगी नाही, कारण दोन्ही गावे एकाच अक्षांशावर आहेत. त्यासाठी ठाण्याच्या शाळेला सावंतवाडीसारख्या दक्षिणेकडील गावच्या शाळेशी पत्रव्यवहार करावा लागेल. दोहोंतील उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ३६५ किलोमीटर व सावल्यांच्या कोनांतील फरक सुमारे ३.३ अंश, त्यावरून परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर येतो. इराटोस्थेनिसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात केलेला हा प्रयोग कोकणच्या दोन शाळांना दोन काठ्यांनी करता येण्याजोगा आहे.

४. कातळ, मुरूम आणि शिलारस

खडकांच्या बाबतीत भाषेची स्थिती निराळी आहे. या परिसरातील जमीन दख्खनच्या लाव्हाप्रवाहांची, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या बेसाल्टची आहे. १९१६ मध्ये खुला झालेला पारसिकचा बोगदा याच खडकातून खोदला, आणि शके ९८२ (इ. स. १०६०) चा शिलालेख असलेले अंबरनाथचे शिवमंदिर याच खडकाचे घडविले. येथील माणसाला हा खडक शास्त्राने येण्यापूर्वीच ठाऊक होता आणि त्याच्या अवस्थांना त्याने निरनिराळी नावे दिली होती. अखंड व कठीण तो कातळ, कुजून भुसभुशीत झालेला तो मुरूम, आणि कोकणात दक्षिणेकडे आढळणारा तांबडा सच्छिद्र तो जांभा. ही केवळ नावे नव्हेत, ते एक वर्गीकरण आहे. घराचा पाया घेताना कातळ लागेपर्यंत मुरूम काढावा लागतो, या व्यवहारातच खडकाचे अपक्षरण सांगितलेले आहे.

पाठ्यपुस्तकाने या नावांवर अग्निजन्य, स्तरित व रूपांतरित ही त्रयी आणली. उत्पत्तीवरून केलेले हे वर्गीकरण शास्त्रास आवश्यक आहे यात संशय नाही. ‘मॅग्मा’साठी योजलेला ‘शिलारस’ हा शब्द अन्वर्थकही आहे. पण ठाणे-कल्याणच्या मुलाच्या पायाखाली या तिहींपैकी मुख्यतः एकच जात आहे. उरलेल्या दोन तो चित्रांत पाहतो. ज्या एका जातीची त्याला ओळख आहे तिच्या कातळ व मुरूम या दोन अवस्था पुस्तकात सहसा येत नाहीत. अशा वेळी डोंगराच्या खणलेल्या कडेवर मुलांना नेऊन वर माती, मध्ये मुरूम, खाली कातळ हा क्रम दाखविणे, आणि मग ‘अपक्षरण’ हा शब्द देणे, हा क्रम युक्त ठरतो. बेसाल्टच्या पोकळ्यांत पांढरी खनिजे सापडतात व लोक त्या सर्वांना सरसकट गारगोटी म्हणतात. त्यांतील एकावर लिंबाचा रस टाकला असता बुडबुडे येतात व दुसऱ्यावर येत नाहीत. एकाने काचेवर ओरखडा उठतो व दुसऱ्याने उठत नाही. पहिले कॅल्साइट व दुसरे क्वार्ट्‌झ. लोकभाषेने एक केलेली वस्तू येथे प्रयोगाने दोन होते. लोकभाषा नेहमीच शास्त्राहून सूक्ष्म असते असे मानण्याचे कारण नाही, हेही या उदाहरणावरून ध्यानी घ्यावे.

५. उधाण आणि भांग

शब्द व निरीक्षण यांची खरी भेट झाली ती भरती-ओहोटीच्या प्रकरणात. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास येणारी मोठी भरती ती ‘उधाणाची’ आणि अष्टमीच्या सुमारास येणारी लहान भरती ती ‘भांगाची’, ही नावे मराठी पाठ्यपुस्तकांत आजही आहेत. ती परिभाषाकारांनी बनविलेली नाहीत. ती किनाऱ्यावरील दर्यावर्दी लोकांच्या बोलीतून आली आहेत. येथे शास्त्राने लोकांचा शब्द घेतला व त्याला व्याख्या दिली.

या बोलीबरोबर एक आडाखाही चालत आला आहे. तिथीची पाऊणपट केली म्हणजे बाराच्या पुढे तितक्या तासांनी भरती येते. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता. चंद्राला त्याच जागी येण्यास रोज सुमारे ५० मिनिटे अधिक लागतात, आणि पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. यावरून हा आडाखा किती सुज्ञपणे बांधला आहे ते दिसेल. तो मुंबईच्या किनाऱ्याला लागू पडतो. ठाण्याच्या खाडीत, व त्याहून अधिक कल्याणच्या दुर्गाडीखाली, भरतीचे पाणी उशिरा पोहोचते. हा उशीर किती, हे कोणत्याही पुस्तकात शोधण्यापूर्वी खाडीच्या काठी एक खुणांची काठी रोवून व पंचांग जवळ ठेवून एका पंधरवड्यात काढता येते. एकेकाळी बंदर म्हणून नावाजलेल्या कल्याणचा इतिहास, चंद्राची गती व नदीमुखाची रचना या तीन विषयांचा तो एकत्र पाठ होय.

मात्र या शब्दांचा आधार कमी होत चालला आहे. ठाण्यात चेंदणी कोळीवाडा अद्याप आहे, पण मासेमारीवर जगणाऱ्यांची संख्या व खाडीचा स्वच्छ काठ ही दोन्ही घटली आहेत. ‘भांग’ हा शब्द ज्याने घरी ऐकला आहे असे मूल वर्गात विरळ झाले, आणि ज्याने केवळ पुस्तकात वाचला त्याला तो ‘परिवलन’ या शब्दाइतकाच परका आहे. बोलीतून आलेली संज्ञाही बोलणारा समाज मागे हटला की पुस्तकी होते. शब्द जिवंत राखावयाचा तर तो ज्या पाण्यावर जन्मला त्या पाण्यापाशी मुलांना न्यावे लागेल.

६. विसाव्या शतकातील प्रयत्न

हाताने करून शिकण्याचा विचार या जिल्ह्याला नवा नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर बुनियादी शिक्षणाने हस्तोद्योगाला केंद्रस्थान दिले. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले व १९५७ मध्ये ते कोसबाडला नेले. ही दोन्ही गावे तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. २०१४ पासून ती पालघर जिल्ह्यात आहेत. महागड्या साधनांऐवजी बिया, शंखशिंपले, पाने, दगड ही भोवतालची सामग्री वापरणे, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेणे, हे ताराबाई व अनुताई वाघ यांच्या कामाचे विशेष होत. त्यांचा मुख्य भर बालशिक्षणावर होता. वरच्या इयत्तांतील विज्ञानास ही दृष्टी पुरेशी पोहोचली नाही.

राज्यस्थापनेनंतर संज्ञांना शासकीय स्थैर्य आले. १९६० मध्ये भाषा संचालनालय निघाले, त्याने विषयवार परिभाषा कोश सिद्ध केले. २७ जानेवारी १९६७ रोजी पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे बालभारती, स्थापन झाले. एकरूप परिभाषेचा लाभ मोठा होता, कारण ठाण्याचा व चांदा-भंडाऱ्याचा विद्यार्थी आता एकच संज्ञा वापरू लागला. परंतु संज्ञा ठरविणाऱ्याचा निकष शास्त्रीय काटेकोरपणा हा होता; मुलाच्या कानाला दोन शब्द वेगळे ऐकू येतील की नाही, हा नव्हता.

‘परिवलन’ व ‘परिभ्रमण’ ही जोडी याचे ठळक उदाहरण आहे. पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे ते परिवलन व सूर्याभोवती फिरणे ते परिभ्रमण. दोहोंचा उपसर्ग एक, अक्षरसंख्या जवळजवळ सारखी, आणि भेद ज्या धातूंत आहे ते ‘वल्’ व ‘भ्रम्’ मुलाला अपरिचित. शिवाय ‘भ्रम्’ धातूपासूनच आलेला ‘भोवरा’ हा मुलाच्या हातातला शब्द आहे, आणि भोवरा तर स्वतःभोवती फिरतो! म्हणजे व्युत्पत्तीच्या आधाराने अर्थ लावू पाहणाऱ्या हुशार मुलाला परिभ्रमण म्हणजे भोवऱ्यासारखे फिरणे असेच वाटावे. आर्यभटाचा पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या गतीचा सिद्धांतही परंपरेत ‘भूभ्रमण’ या नावानेच ओळखला जातो. जुन्या मराठी पुस्तकांतील ‘दैनिक गती’ व ‘वार्षिक गती’ या संज्ञा या दोषापासून मुक्त होत्या, कारण त्यांत प्रत्येक गतीचा काल सांगितलेला होता. बोलभाषेत तर हा भेद कधीच संदिग्ध नव्हता. ‘गिरकी घेणे’ आणि ‘प्रदक्षिणा घालणे’ यांत कोणत्याही मुलाची गफलत होत नाही. देवळात प्रदक्षिणा घालता घालता गिरक्या घेणारे मूल हीच पृथ्वीच्या दुहेरी गतीची प्रतिकृती आहे. ती प्रत्यक्ष करवून घेऊन मग संज्ञा दिली तर संज्ञा टिकते.

भाषेबाहेरील या मार्गास पुढे संशोधनाचा आधार मिळाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये सुरू झाले. तेथे शमीन पडळकर व जयश्री रामदास यांनी महाराष्ट्रातील आदिवासी, ग्रामीण व शहरी वस्त्यांतील विद्यार्थ्यांबरोबर प्राथमिक खगोलशास्त्राच्या अध्यापनाचा अभ्यास केला आणि आकृत्या व योजून केलेले हातवारे यांचा अवकाशकल्पना घडविण्यास कसा उपयोग होतो ते दाखविले. शब्द व वस्तू यांच्यामध्ये शरीराची हालचाल हा एक पूल असतो, हा त्याचा मथितार्थ भाषेच्या अभ्यासकानेही लक्षात घ्यावा असा आहे.

शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सोळा शाळांत सुरू झालेला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम या संदर्भात स्मरणीय आहे. माध्यमिक शाळेतील संपूर्ण विज्ञान प्रयोगातून शिकविण्याचा तो उपक्रम शासकीय शाळांत तीस वर्षे चालला व २००२ मध्ये बंद झाला. महाराष्ट्रात मात्र अशा कार्याने पाठ्यक्रमाऐवजी पाठ्यक्रमाबाहेरची वाट धरली. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. १९८१ मध्ये बृहन्मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली. तीत लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिक व कृतिसंशोधन यांनाही स्थान आहे. १९९३ पासून राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद भरू लागली. ठाण्यातील जिज्ञासा ट्रस्ट ही संस्था तिच्या कार्याशी निगडित राहिली. हॅलेच्या धूमकेतूच्या आगमनसमयी, १९८५–८६ च्या सुमारास, उदयास आलेल्या खगोल मंडळाने कर्जत मार्गावरील वांगणी येथे रात्रभराच्या आकाशदर्शनाची प्रथा पाडली. डोंबिवली-कल्याणच्या दिव्यांच्या उजेडात हरवलेले तारे पाहण्यासाठी लोकल गाडीने वांगणीस जाणे हे या पट्ट्यातील अनेक मुलांचे पहिले खगोलशिक्षण ठरले. दीक्षितांच्या ‘दोन घटका’ अशा रीतीने शंभर वर्षांनी एका रात्रीएवढ्या लांबल्या, परंतु त्या शाळेच्या वेळापत्रकात आल्या नाहीत.

या वाटेचा दोष उघड आहे. स्पर्धेस व शिबिरास जाणारे मूल सहसा शुल्क देऊ शकणाऱ्या व माहिती असणाऱ्या घरातले असते. रेतीबंदर, अंबरनाथ वा शहापूरच्या वाडीवरील ज्या मुलाला खाडी, कातळ व तारे यांचा सहवास अधिक आहे, त्याच्याकडे प्रयोग क्वचितच पोहोचतो. ज्याच्यापाशी निरीक्षण आहे त्याला संज्ञा नाही, आणि ज्याच्यापाशी संज्ञा आहे त्याला निरीक्षण नाही, अशी ही विभागणी आहे.

७. पाऊस : जाणिवेचा व मोजणीचा

ही विभागणी केवळ पांडित्याचा विषय नाही, हे पावसावरून दिसते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि उल्हास खोऱ्यासह सारा परिसर जलमय झाला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून सुमारे एक हजार प्रवाशांची सुटका करावी लागली. जेथे मुले तारे पाहण्यास जातात तेच हे गाव. ‘९४४ मिलिमीटर’ हा आकडा वर्तमानपत्रात सर्वांनी वाचला. त्याचा अर्थ किती जणांस कळला? एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर त्या दिवशी ९४,००० लिटरांहून अधिक पाणी पडले. डबा, मोजपट्टी व वही यांनी शाळेच्या गच्चीवर जूनपासून रोज नोंद करणाऱ्या मुलाला हा आकडा ऐकताच भय वाटेल, आणि ते भय हेच ज्ञान होय. मराठीत पावसासाठी रिपरिप, भुरभुर, सर, वळीव, मुसळधार अशी शब्दांची श्रीमंती आहे. हे शब्द जाणीव देतात, माप देत नाहीत. ‘पर्जन्यमान’ माप देते, जाणीव देत नाही. मुसळधार म्हणजे किती मिलिमीटर, हे ज्याने आपल्या डब्यात पाहिले त्याच्या मनात दोन्ही एकत्र येतात.

८. समारोप

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. एक, मराठी शास्त्रीय भाषेच्या आरंभी शब्दकार व निरीक्षक हे एकच होते, आणि ठाण्याच्या मराठी शाळेत काही काळ मुख्य शिक्षक असलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित हे त्या परंपरेचे उत्तम प्रतिनिधी होत. संज्ञानिर्मिती पुढे कोशाकडे व निरीक्षण हौशी मंडळांकडे गेले तेव्हा शाळा दोहोंपासून दूर पडली. दोन, ज्या संज्ञा अनुभवातून आल्या किंवा घरच्या शब्दावर उभ्या राहिल्या, जसे उधाण, भांग, शून्य सावली, त्या मुलाला सहज आकळतात. ज्या केवळ काटेकोरपणासाठी बनविल्या त्या अनुभवाची जोड मिळेपर्यंत पाठांतरातच राहतात. तीन, पारिभाषिक शब्दाची आवश्यकता यामुळे कमी होत नाही, कारण गारगोटीसारखा लोकशब्द जेथे दोन वस्तू एक करतो तेथे शास्त्रालाच भेद करावा लागतो. प्रश्न संज्ञेचा नसून क्रमाचा आहे.

हा क्रम सुधारण्यास नवा ग्रंथ वा नवी प्रयोगशाळा लागत नाही. एक काठी, एक डबा, लिंबाचा रस, पंचांग व खाडीचा काठ एवढी सामग्री ठाणे, डोंबिवली व कल्याण येथील बहुतेक शाळांच्या आवाक्यात आहे. अडचण आहे ती पटांगण उरण्याची, खाडीकाठी जाण्याची वाट मोकळी राहण्याची आणि शिक्षकाला दुपारी साडेबाराला वर्गाबाहेर जाण्याची मुभा असण्याची. मराठी माध्यमाच्या शाळांचे पट घटत असताना हा प्रश्न अधिक निकडीचा होतो. कारण कातळ, मुरूम, उधाण, भांग व वळीव ही या भूमीने शेकडो वर्षे केलेल्या निरीक्षणांची टिपणे आहेत, आणि ती वाचता येणारी पिढी शाळेतच घडावयाची आहे.